वामनभाऊचा पत्रा

वामनभाऊ म्हटलं की मला आधी त्याचे पाय आठवतात. तोंड आठवायला माणूस समोर उभा तरी राहायला हवा! हा गृहस्थ सदा आमच्या पिकअपखाली उताणा पडलेला आणि बाहेर नुसते दोन पाय. टाचांना भेगा, अंगठ्याचं नख काळं, एका पायात पांढऱ्याचा पिवळा झालेला मोजा. दुसरा मोजा कुठे गेला ते मी कधी विचारलं नाही, कारण त्याला काहीही विचारलं की अर्धा तास उत्तर ऐकावं लागायचं. अजूनही रस्त्याच्या कडेला एखाद्या गाडीखालून दोन पाय दिसले की माझं टाळकं सटकतं.

मी कोसमटोल्याची अंगणवाडीबाई. मुलचेरा तालुक्यातलं जंगलातलं गाव आमचं. मडावी, आत्राम, कुळमेथे अशी घरं. थोडी धानाची शेती, बाकी मोहफूल, हिरडा, तेंदूपत्ता. वर्षानुवर्षं मोहफूल वेचायचं बायकांनी आणि भाव सांगायचा शेठनं. शेठची गाडी दारात यायची, काटाही शेठचा, आणि शेठचा माणूस फूल हातात चुरडून म्हणायचा, "ओलं आहे." चांगलं खडखडीत वाळलेलं असलं तरी ओलंच. एकदा सुमनबाई मडावी, आमच्या महिला गटाची अध्यक्ष, उठली आणि सरळ त्या काट्यावर जाऊन बसली. काटा बघून म्हणाली, "माह्यं वजन मले ठाऊक आहे. हा काटा खोटा बोलून राह्यला." त्या दिवशी बायकांनी ठरवलं की गटाची गाडी घ्यायची आणि माल आपण चंद्रपूरला न्यायचा. तेंदूच्या हंगामाची मिळकत एकत्र करून घेतलीसुद्धा. जुनीच पिकअप, पण आपली. तिचा हॉर्न ऐकला की शेठचा माणूस तोंड फिरवायचा, आणि आम्हाला केवढं बरं वाटायचं!

अडचण एकच. गावापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट जंगलातून जाते. तोडलेल्या झाडांचे खुंट पाचोळ्याखाली लपलेले, आणि नाल्यात हे एवढाले धोंडे. पहिला ड्रायव्हर होता सुमनबाईचा जावई. त्यानं एका सागाच्या खुंटावर गाडी घातली आणि चेंबर फोडला. चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाशी तेल साठवणारं भांडं. ते फुटलं की तेल जमिनीवर आणि गाडी जागेवर. जावयानं हात जोडले, "मामी, मी आपली शेतीच करतो." मग ड्रायव्हर शोधता शोधता कुणीतरी राजुऱ्याकडून वामनभाऊला आणला. कुणी आणला ते गावात आज कोणीच कबूल करत नाही.

आला त्या दिवशी ना राम राम, ना पाणी. पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरला. आम्ही बायका पदर खोचून वाट बघत उभ्या. बऱ्याच वेळानं बाहेर आला, अंग झटकलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू आम्ही काही लाज सोडून वागलोय.

"बाई, गाडीचं पोट उघडं आहे. असं उघडं पोट घेऊन तुमी जंगलात फिरता?"

"पाहा ना आता तुम्हीच," मी म्हटलं.

"मी गाडी चालवत नाई," तो म्हणाला. "मी गाडी वाचवतो."

हे वाक्य पुढे आम्ही इतक्यांदा ऐकलं की अंगणवाडीतली पोरंसुद्धा घोकायला लागली. एकदा खिचडी सांडली म्हणून एकीला रागावले तर ती म्हणते, "मी खिचडी खात नाई, मी खिचडी वाचवतो."

दुसरं वाक्य होतं, "डंपर चालवले मी, खाणीत." कोळशाच्या खाणीतले डंपर. त्याची उंची तो हात वर करून, टाचा उचलून दाखवायचा. गावातली पुरुषमंडळी तोंड उघडं टाकून ऐकायची. मग एकदा माल टाकून येताना त्याच्या कामासाठी राजुऱ्याला वाकडी वाट करून गेलो, तिथे चहाच्या टपरीवर त्याचा जुना ओळखीचा भेटला आणि मोठ्यानं ओरडला, "अरे, पाणीवाले वामनभाऊ!" मी लगेच कान टवकारले. निघालं असं की हा खाणीच्या रस्त्यावर धूळ बसवायला पाण्याचा टँकर फिरवायचा. आता पाणी मारण्यात कमीपणा काय आहे? काही नाही. धूळ बसवणारा माणूस पुण्यच करतो. पण मग डंपर कशाला सांगायचा? परतताना मी विचारलंच. तर जराही न लाजता म्हणतो, "डंपरच्या मांगं मांगंच तं चालवत होतो, बाई." उचलली जीभ, लावली टाळ्याला!

गटानं बैठकीत ठरवलं होतं की चेंबरखाली एक साधा गार्ड बसवून घ्यायचा. बाजारात तयार मिळतो, नटबोल्टनं लागतो, दुपारपर्यंत काम होतं. त्यासाठी आष्टीला रहीमभाईच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. सुमनबाई लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, म्हणून मी आणि गावातली दोन माणसं. तिथे पोचल्यावर बघते तर वामनभाऊनं आधीच भंगारातून एक जाडजूड पत्रा आणून ठेवलेला. पुढच्या बंपरपासून डिझेलच्या टाकीपर्यंत, सायलेन्सरसकट, सगळं पोट झाकायचं म्हणे.

रहीमभाईनं खडू घेतला आणि सहज विचारलं, "वामनभाऊ, होल कुठी ठेवू? तेल काढाले लागते, कचरा निघाले लागते."

"होल नाई."

"नाई म्हंजे?"

"भोक म्हंजे कमजोरी. जिथी भोक, तिथी खुंट घुसते."

"बरं, नटावर तं बसवतो. कधी खोलाचं काम पडलं तं..."

"नट ढिला होते, रहीमभाई. माणसाचा होते तं गाडीचा नाई होणार? वेल्डिंग मारा. चारई बाजूनं."

"आपल्याला फक्त चेंबरचा गार्ड लावायचा होता," मी मध्ये पडले. "गटात तसं ठरलंय."

त्यावर हा मला काय म्हणाला? म्हणाला, "बाई, तुमी लेकराईले खिचडी द्या. गाडीचं मले पाहू द्या." आणि सोबतची ती दोन माणसं पत्र्यावर चढली, त्यावर नाचली, आणि एकमेकांकडे बघून म्हणाली, "मजबूत आहे, बावा!" जाड पत्रा दिसला की पुरुषांची अक्कल कुठे जाते देव जाणे. फक्त पुढची बाजू तेवढी हवेसाठी उघडी ठेवली. पत्र्याची कड पुढे थोडी खाली वाकलेली, सुपासारखी. रहीमभाईनं खांदे उडवले आणि काळी काच डोळ्यांवर घेतली.

खोटं कशाला बोलू, त्यानंतर एकही खुंट गाडीला लागला नाही. लागायचा तो पत्र्याला. खण्ण करून आवाज यायचा आणि वामनभाऊ माझ्याकडे मान वळवून हसायचा, जणू खुंटाला यानंच थोबाडीत मारलीय. गावात मान वाढली. मुलचेऱ्यातले दोन-तीन पिकअपवाले बघायला येऊन गेले. हा पुन्हा पोतं अंथरून खाली, आणि ते पाहुणेही शेजारी उताणे. तोंडं गाडीखाली आणि बाहेर पायांची रांग. त्या रांगेवरून माझी कोंबडी निवांत चालत गेली, तेवढंच त्या दिवसातलं सुख.

पण पत्रा वजनदार. गाडी खाली बसली. पूर्वी जितकी पोती जायची तितकी जाईनात. शिवाय नाल्यापाशी आलं की हा गाडी थांबवायचा आणि मागे बसलेल्या बायकांना हुकूम सोडायचा, "उतरा. वजनानं पोट खाली येते." बायका उतरायच्या. मग म्हणायचा, "पोतेही उतरवा." बायका पोती डोक्यावर घेऊन नाला ओलांडायच्या, आणि गाडी रिकामी, डुलत डुलत, त्यांच्या मागून यायची. एका दिवशी सुमनबाई पाण्यात मधोमध थांबली. डोक्यावर पोतं, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"वामनभाऊ, पोते आमी डोक्यावर नेऊन राह्यलो, तं मंग गाडी कायले पायजे?"

"गाडी वाचली पायजे न, सुमनबाई."

"कोनासाठी वाचवून राह्यला?"

त्यावर त्यानं हॉर्न वाजवला.

तेल बदलायची वेळ आली तेव्हाची गंमत तर विचारूच नका. खाली भोक नाही, तेल निघणार कुठून? मेकॅनिकनं पाहिलं, डोकं खाजवलं आणि निघून गेला. मग वामनभाऊनं वरून, तेल मोजायची पट्टी जिथे घालतात तिथून एक नळी घातली आणि तोंडानं ओढायला लागला. गाल फुगवून, डोळे मिटून. आम्ही सगळ्या अंगणवाडीच्या ओट्यावर बसून बघतोय. शेवटी आलं तेल, आणि आलं ते थेट तोंडात! काळे दात, काळी हनुवटी, थू थू करत पळतोय हापशाकडे. बायका हसून हसून लोळल्या. चूळ भरून परत आला आणि म्हणाला, "खाणीत असंच करते." अहो, खाणीत तेल पितात का?

पावसाळ्यात पत्र्यावर आतून चिखल भरला. तो काढायला हात जाईना. इंजिन तापायचं, गाडी जागोजागी उभी राहायची, आणि हा चिखलाला शिव्या द्यायचा. मी म्हटलं, रहीमभाईकडे जाऊ, एवढी दोन-चार भोकं कापून घेऊ. सुमनबाई म्हणाली, आन्‌ नटावर बसवून घेऊ. गटाच्या बैठकीत तसा निर्णयही झाला. हा मान खाली घालून ऐकायचा, "हो जी, हो जी" करायचा, आणि प्रत्येक वेळी आष्टीवरून सरळ पुढे निघून यायचा. कधी म्हणे रहीमभाई गावाला गेला होता, कधी दुकान बंद होतं, कधी लाईन नव्हती. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याऐवजी त्यानं केलं काय, तर पत्र्याला लाल रंग दिला. खालून! कोण बघणार तिथे? पण तो बघायचा ना. आणि रंग दिल्यापासून माणूस पार कामातून गेला. नाल्यातल्या धोंड्यांनी रंग खरवडतो म्हणून नाल्याची वाटच सोडली. आधी गाडी वाचवायला पत्रा होता, आता पत्रा वाचवायला रस्ता बदलायला लागला. नाला टाळून हा मोहाच्या राईतून गाडी घालायचा. तिथे धोंडे नाहीत, नुसता मऊ पाचोळा. त्या उघड्या सुपात पाचोळा कसा भरत गेला ते आम्हाला वरून दिसत नव्हतं. त्याला खालून दिसत असणार, कारण तो रोज खाली पडून असायचा. पण तो बघायचा फक्त रंग.

मोहाचा हंगाम सुरू झाला. आमच्याकडे मोह पडायला लागला की झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात, म्हणजे पडलेलं फूल नीट दिसतं आणि वेचायला सोपं जातं. काही झाडं आधी फुलतात, काही मागून, त्यामुळे हा जाळ राईत कुठे ना कुठे चालूच असतो. वरून राख दिसते, आत विस्तव असतो. लेकरांनासुद्धा ठाऊक असतं की राखेत पाय घालायचा नाही.

त्या सकाळी गाडीत हंगामाचा पहिला वाळलेला माल भरलेला. चंद्रपूरच्या व्यापाऱ्याशी बोलणं झालेलं, भाव शेठपेक्षा चांगला. हा माल वेळेवर पोचला असता तर तो पूर्ण हंगाम आमच्याकडून घेणार होता. बायकांनी त्या दिवशी चांगली लुगडी नेसलेली. मी पुढे बसले, सुमनबाई आणि आणखी दोघी मागे पोत्यांवर.

राईच्या तोंडाशी सुमनबाईनं मागून टपावर थाप मारली. "वामनभाऊ, इथून नोको नेऊ! कालच जाळलं आमी. आतून विस्तव आहे."

"मंग काय होते?" हा खिडकीतून ओरडला. "खाली पत्रा आहे न!"

"नाल्यानं घे म्हणते तं!"

"नाल्यानं रंग जाते, सुमनबाई."

मी स्वतः सांगितलं, वामनभाऊ, वळवा. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टायरखाली राख उडाली, पुढचं सूप जमिनीला घासत गेलं, आणि आम्ही राईबाहेर निघालो.

थोडं पुढे गेल्यावर मला पायाखाली गरम लागायला लागलं. मग वास. मग बॉनेटच्या फटीतून धूर. गाडी थांबली, सगळ्या उड्या मारून उतरल्या. बॉनेट उघडलं तर आत जाळ. कित्येक महिन्यांचा कोरडा पाचोळा पत्र्यावर दाबून बसलेला, आणि आम्हीच त्याला खालून विस्तव भरवला होता. काढायचा कसा? खालून भोक नाही, नट नाही, पुढचं सूप सोडलं तर तिन्ही बाजूंनी वेल्डिंग. वरून माती टाकावी तर इंजिनवरच राहते. सुमनबाई पुन्हा मागे चढली आणि पोती खाली फेकायला लागली. जवळच्या झाडांखालच्या बायका पाण्याच्या गुंड्या-कळशा घेऊन धावल्या. एकीनं गाडीखाली वाकून पाणी मारलं, तर हा काय ओरडला असेल?

"पत्र्यावर थंडं पाणी मारू नोका! वाकते तो!"

ही बाई अशी थबकली, आणि मग उरलेली गुंडी तिनं त्याच्या अंगावर ओतली.

पळून मात्र गेला नाही, तेवढं मी म्हणेन. काठी घेऊन पुढच्या सुपातून पाचोळा ओढत होता, हाताला फोड येईपर्यंत ओढला. पण डिझेलचा पाइप पेटला तेव्हा सगळ्यांनाच मागं सरावं लागलं. सुमनबाईला आम्ही दोघींनी पदर धरून खाली खेचलं. अर्ध्याहून जास्त पोती गाडीवरच राहिली. भाजलेल्या मोहाचा गोड वास राईभर पसरला. मला रडू आलं. दुःखानं नाही, रागानं आलं.

दुपारपर्यंत गाडी निवली. टायर गेले, सीट गेल्या, काच गेली. नुसता सांगाडा. सुमनबाई गाडीसमोर बसलेली. आणि हा? दोन्ही तळहात चिंध्यांनी बांधलेला हा माणूस त्या सांगाड्याजवळ गेला, गुडघ्यावर बसला, मान तिरपी करून खाली बघितलं आणि म्हणाला, "पाहा बाई. गाडी गेली, पण पत्र्याले काईच नाई झालं."

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

विम्याची माणसं आली, त्यांनी तो पत्रा पाहिला, एकमेकांकडे पाहिलं आणि सांगितलं की गाडीत असा बदल केल्यावर काही मिळत नसतं. चंद्रपूरच्या व्यापाऱ्यानं दुसरीकडून माल घेतला. वामनभाऊ त्याच आठवड्यात राजुऱ्याला निघून गेला. जाताना गावात प्रत्येकाला सांगून गेला की पाचोळ्यात खोट होती.

पुढच्या वर्षी मोह पडला तेव्हा शेठची पिकअप पुन्हा दारात आली. नवीकोरी. बायका पोती घेऊन निमूट रांगेत उभ्या. गाडीचं दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या सीटवरून वामनभाऊ उतरला. अंगावर इस्त्रीचा शर्ट. आम्हाला बघून तोंड लपवेल असं मला वाटलं. छे! हसत हसत सरळ आमच्याकडेच आला.

"बाई, सुमनबाई, या इकडं. खाली वाका जरा. पाहा." आणि आम्ही वाकायच्या आत तो स्वतःच वाकला. "चेंबरपुरताच पत्रा लावला शेठच्या गाडीले. तेलासाठी वेगळं भोक, कचऱ्यासाठी वेगळं. सगळा नटावर. दर आठवड्याले खोलतो आन्‌ साफ करतो. आतून एक पान सापडत नाई!"

तो आमच्याकडे बघत उभा, शाबासकीची वाट पाहत.

"माणसानं शिकलं पायजे न, सुमनबाई," तो म्हणाला.

"शिकला बाप्पा," सुमनबाई म्हणाली. "आमची जाळून शिकला."

शेठच्या माणसानं तिच्या पोत्यात हात घातला, एक फूल चुरडलं आणि म्हणाला, "ओलं आहे." सुमनबाईनं पोतं उचललं आणि त्याच्या काट्यावर ठेवलं.